अर्धा वाचलेला निकाल

माझ्या घटस्फोटाचा निकाल इंटरनेटवर आहे, हे मला थळच्या मासेवालीकडून कळलं.

ती किहीमला आमच्या घरी आठवड्यातून एक-दोनदा येते. त्या सकाळी मागच्या पायरीवर बसून बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, तुमचा कोर्टाचा कागद मोबाईलवर फिरतोय. माज्या सुनंला आलाय. विंग्रजीत हाय, पन खाली कुनीतरी मराठीत लिवलंय."

"काय लिहिलंय?"

"सासूला शिलं खायला घातलंत म्हनून. आनि आजून बरंच." मग तिनं वर पाहिलं. "घातलंत व्हय?"

"नाही."

"मना वाटलंच," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. जाताना बोंबील आजच संपवा म्हणून बजावलं. त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. तो कागद किती लोकांनी पाहिला असेल कोण जाणे, पण मला तोंडावर विचारणारी ही एकटीच. बाकीचे शिकलेले होते.

मी अलिबागजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. लग्न होऊन ठाण्याला गेले होते, तिथून परत माहेरी आले, आणि आता आई आणि मी वाडीतल्या घरात राहतो. नवऱ्यानं माझ्यावर क्रूरतेचा आरोप ठेवून घटस्फोट मागितला होता. मी म्हटलं, घटस्फोट मलाही हवा आहे, पण क्रूर मी नाही, तो आहे. कौटुंबिक न्यायालयानं त्याचा अर्ज फेटाळला आणि माझा मान्य केला. तो उच्च न्यायालयात अपिलात गेला आणि तिथंही हरला. एवढीच गोष्ट. तिला काही वर्षं लागली आणि ती माझ्या लेखी कधीच संपली होती. निकालाची प्रत मी तेव्हा वाचलीसुद्धा नव्हती. वकीलबाईंचा फोन आला, "झालं तुमचं," आणि मी वर्गावर गेले.

मासेवाली गेल्यावर मी मोबाईलवर माझं नाव टाकलं. पहिल्याच ओळीत निकाल. लग्नानंतरचं नाव, मग 'उर्फ', मग माहेरचं नाव. सासरचं आडनाव पुसून टाकायला मी इतक्या कार्यालयांचे उंबरे झिजवले होते, आणि न्यायालयानं दोन्ही नावं शेजारीशेजारी बसवून ठेवली होती. कोणालाही, कुठूनही, फुकट वाचता येतील अशी.

निकालपत्राची एक रीत असते. आधी भांडणारा काय म्हणतो ते सगळं लिहायचं. मग समोरचा काय म्हणतो ते. मग साक्षी, मग वकिलांचे युक्तिवाद. आणि सगळ्यात शेवटी न्यायाधीश स्वतःचं मत सांगतात. म्हणजे खरं काय ते शेवटी येतं. सुरुवातीला येतं ते एका माणसाचं म्हणणं. शाळेतल्या उताऱ्यावरचे प्रश्न ज्यानं सोडवले आहेत त्याला एवढं कळायला हवं.

माझ्या निकालाच्या सुरुवातीच्या परिच्छेदांत नवऱ्याचं म्हणणं होतं. मी सासूला शिळा भात वाढते. सासूच्या गोळ्या लपवते. पेपर तपासण्याच्या निमित्तानं रात्रभर दिवा चालू ठेवते. शाळेतल्या एका पुरुष सहकाऱ्याच्या गाडीतून येते. आणि प्रत्येक पदार्थात नारळ घालून मी नवऱ्याच्या प्रकृतीला जाणूनबुजून धोका निर्माण करते. नारळाचा आरोप मी विसरूनच गेले होते. तो त्यानं खरोखर शपथेवर केला होता.

शेवटच्या परिच्छेदांत न्यायाधीशांनी काय म्हटलं होतं तेही होतं. ज्या महिन्यांत मी सासूला शिळं खायला घातलं म्हणे, त्या महिन्यांत सासू नाशिकला नणंदेकडे राहत होती, आणि हे नवऱ्यानंच उलटतपासणीत कबूल केलं होतं. गाडीवाले सहकारी निवृत्तीला आले होते आणि त्या गाडीत माझ्याबरोबर आणखी दोन शिक्षिका असायच्या. नारळाबद्दल न्यायाधीशांनी एवढंच लिहिलं होतं की ही संसारातली नेहमीची कुरबुर आहे. आणि नवऱ्यानं माझ्याशी काय केलं, ते त्यांनी एका मोठ्या परिच्छेदात, एकही विशेषण न वापरता, लिहिलं होतं. तो परिच्छेद मी उभ्यानं वाचला.

आईनं विचारलं, "काय वाचतेयस एवढं?"

मी सांगितल्यावर ती म्हणाली, "माझी साक्ष आहे का त्यात?"

"आहे."

"वाच."

निकाल इंग्रजीत. मी मराठी करून सांगायला लागले. साक्षीदार क्रमांक दोन, ही प्रतिवादीची आई असून तिच्या साक्षीस फार वजन देता येणार नाही.

आई जराशी सरळ बसली. "माझ्या साक्षीला वजन नाही?"

"आई म्हणजे मुलीच्याच बाजूनं बोलणार, असं त्यांना म्हणायचंय."

"पण मी खरं तेच सांगितलं. केवढा वेळ उभी होते. त्याच्या वकिलानं मला वय विचारलं, तेसुद्धा खरं सांगितलं." तिनं पदर सारखा केला. "बरं, पुढं वाच. सगळं वाच."

मी सगळं वाचलं. मधे दोनदा ती उठून आत गेली आणि दोन्ही वेळा परत येऊन म्हणाली, "हं, कुठपर्यंत आलो होतो?" शेवटी म्हणाली, "चांगला लिहिलाय. माझं तेवढं चुकवलंन."

आता मोबाईलवर काय फिरत होतं ते सांगते. शाळेतल्या एका शिक्षिकेनं मला ते शेवटी दाखवलं, तेही, "मी कोणाला पुढं पाठवलं नाही हं," असं तीनतीनदा सांगून. त्यात आरोपांच्या परिच्छेदांचा फोटो होता. खाली मराठी सारांश: 'सासूस शिळे अन्न देणे, औषधे लपवणे, परपुरुषासोबत फिरणे. उच्च न्यायालयाचा निकाल. भावी मुख्याध्यापिका!'

सारांश शाळेतल्या इंग्रजीच्या सरांचा होता, तेही तिनंच सांगितलं. आमच्या मुख्याध्यापकांची निवृत्ती जवळ आली होती. ठाण्याला मी शिकवायचे ती शाळाही याच संस्थेची, त्यामुळे तिथली वर्षं धरून सेवाज्येष्ठतेनं मी पुढं होते, माझ्यानंतर सर. मूळ इंग्रजीत प्रत्येक वाक्याची सुरुवात 'अपीलकर्त्याचे असे म्हणणे आहे की' अशी होती. सरांनी ते शब्द गाळले होते. मला अजूनही ठरवता आलेलं नाही की त्यांनी ते मुद्दाम गाळले की त्यांना ते कळलेच नाहीत. मुद्दाम गाळले असतील तर माणूस लबाड. कळले नसतील तर हा माणूस आमच्या तालुक्यातल्या पोरांना वीस-बावीस वर्षं इंग्रजी शिकवतो आहे. दोन्हींत जास्त वाईट काय, यावर मी पुष्कळ विचार केला आणि मग सोडून दिला. तेवढी त्यांची योग्यता नाही.

शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की आवाज खाली जायचे. एरवी माझ्या डब्यातल्या भाजीत हात घालणाऱ्या बायका आता आपापल्या डब्यांकडे बघत जेवायच्या. पालकसभेला एक बाई माझ्याकडे असं बघत होती, जणू तिच्या मुलाला मी शिळा भात वाढणार आहे. सर मात्र पूर्वीपेक्षा गोड बोलायला लागले. "मॅडम, तब्येत जपा," म्हणाले एकदा. मी म्हटलं, "माझ्या तब्येतीला काय झालंय?" ते हसले. त्यांच्याकडे हसण्याचा एक प्रकार आहे, ज्यात डोळे सामील होत नाहीत.

मी वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "नाव काढून घेता येतं. आपण अर्ज करू. नावाऐवजी नुसती अक्षरं टाकतात. कधी मान्य होतो, कधी नाही, पण तुमच्या बाबतीत होईल असं वाटतं."

मी हो म्हटलं. दोन दिवसांनी त्यांनी कागद तयार केले आणि मी सही करायला अलिबागला त्यांच्याकडे गेले. पेन हातात घेतलं आणि मनात आलं की नाव निघाल्यावर काय होईल. निकाल राहील, पण तो माझा आहे हे कोणाला कळणार नाही. ज्यांनी अर्धा वाचलाय त्यांच्याकडे तो फोटो राहीलच. त्यांच्यापुरती मी कायमची शिळा भात वाढणारी बाई. आणि उरलेला अर्धा निकाल, जो माझ्या बाजूनं बोलतो, तो कोणा एका अक्षराचा होऊन बसेल. वर नवऱ्याचंही नाव निघेल. ते मी त्याला फुकट का द्यावं?

"नको," मी म्हटलं.

"नक्की? माझ्या काही अशिलांनी घेतलंय. लाज वाटण्यासारखं काही नाही त्यात."

"लाजेचं नाही. ज्यांच्या मुलाबाळांची नावं आहेत, ज्यांच्यावर वाईट प्रसंग आलेत, त्यांची नावं झाकलीच पाहिजेत. माझं राहू दे. लोकांना वाचायचंय ना, तर पूर्ण वाचू दे."

वकीलबाई म्हणाल्या, "पूर्ण कोणी वाचत नाही. माझ्या समोरचे वकीलसुद्धा वाचत नाहीत."

मग संस्थेकडून निरोप आला. शनिवारी शाळा सुटल्यावर कार्यालयात या, एका बाबतीत खुलासा हवा आहे.

अध्यक्ष म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. वाडी, दोन कॉटेज, भिंतीवर स्वतःच्या सत्कारांचे फोटो. सचिव त्यांचे शेजारी. आणखी दोघंतिघं सदस्य होते. चहा आणि खारी आली. खारीचा चुरा कपात पाडून घेत अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमच्या खाजगी आयुष्यात आम्हाला शिरायचं नाहीये."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"पण काय आहे, गोष्ट आता पब्लिक डोमेनमध्ये आहे." हा शब्द त्यांना आवडला होता. पुढं त्यांनी तो पुष्कळदा वापरला. "पब्लिक डोमेनमध्ये आली की मग संस्थेच्या प्रतिमेचा प्रश्न येतो. पालक विचारतात. मुख्याध्यापकपद म्हणजे शेवटी आदर्श."

"तुम्ही निकाल वाचलात?" मी विचारलं.

"सगळ्यांनीच वाचलाय. म्हणून तर बोलावलं."

"मग निकाल कोणाच्या बाजूनं लागला?"

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी मोबाईल काढला आणि तो फोटो मोठा करून बघायला लागले, जणू उत्तर त्याच्या कोपऱ्यात कुठं तरी असेल.

"म्हणजे, घटस्फोट झाला," सचिव म्हणाले.

"कोणाला मिळाला? त्याला की मला?"

"ते आता टेक्निकल झालं," अध्यक्ष म्हणाले.

एक सदस्य डॉक्टर आहेत. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घटस्फोट दोघांनाही मिळतो ना?" आणि कोणी हसलं नाही तेव्हा त्यांनी खारी उचलली.

इतकी माणसं, सगळी पदवीधर, निदान एक तरी पदव्युत्तर. मला मिळणारं पद काढून घ्यायला जमली होती, आणि कोण जिंकलं हे बघायला शेवटपर्यंत बोट सरकवण्याचे कष्ट एकानंही घेतले नव्हते. क्रिकेटचा सामना असता तर यातला प्रत्येकजण शेवटच्या चेंडूपर्यंत जागा राहिला असता. मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराच्या हातात चुकीचीच चिठ्ठी सापडावी, तेव्हा जे वाटतं ते वाटलं.

अध्यक्ष म्हणाले, "तुम्हीच सांगा ना मग. तेवढ्यासाठीच खुलासा मागितलाय."

"मी नाही सांगणार."

"का?"

"फुकट आहे. पब्लिक डोमेनमध्ये आहे. वाचा."

मी उठले. पाठीमागं कोणीतरी "बघा म्हणजे" असं म्हणाल्याचं ऐकू आलं. सोमवारी मी लेखी खुलासा दिला. त्यात निकालाचा दुवा होता आणि खाली एक वाक्य: 'संपूर्ण वाचावा ही विनंती.'

पुढचं मला सचिवांकडूनच कळलं. त्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि आपण कोणत्या बाजूला होतो हे ते चटकन विसरतात. लेखी खुलासा आल्यामुळे तो वाचणं भाग पडलं. निकाल लांबलचक इंग्रजीत, म्हणून अध्यक्षांनी इंग्रजीच्या सरांना बोलावलं आणि म्हणाले, तुम्हीच वाचून मराठीत सांगा. सरांना नाही म्हणता आलं नाही. ते वाचत गेले. आरोप वाचताना आवाज खणखणीत होता. नाशिकपाशी तो खाली आला. गाडीतल्या दोन शिक्षिकांपाशी त्यांनी पाणी मागितलं. नवऱ्यानं काय केलं तो परिच्छेद आल्यावर ते म्हणाले, "यात तपशील आहे, सोडून देऊ का?" तेव्हा डॉक्टर म्हणाले, "नको, वाचा." सचिव मला हे रंगवून सांगत होते आणि मी कौतुकानं ऐकेन अशी त्यांची अपेक्षा होती. "शेवटी सत्याचा विजय होतो बघा," ते म्हणाले. मी म्हटलं, "विजय कधीच झाला होता. तुम्ही पोचलात उशिरा."

मला पद मिळालं. सेवाज्येष्ठतेचा नियमच होता, त्यांना दुसरं काही करणं अवघड होतं. पण समारंभ मात्र असा केला की जणू त्यांनी मला शोधून काढलं. अध्यक्षांनी 'संघर्षातून तावूनसुलाखून निघालेलं व्यक्तिमत्त्व' वगैरे म्हटलं. शिक्षकांच्या वतीनं इंग्रजीचे सर बोलले. पुष्पगुच्छ त्यांच्याच हातून मिळाला. माफी कोणी मागितली नाही. ज्यांनी तो फोटो पुढं पाठवला होता त्यांच्यापैकी एकानंही मग शेवटचा परिच्छेद पुढं पाठवला नाही. तो अजूनही तिथंच आहे, एक बोट सरकवलं की येतो. आईला मी पुष्पगुच्छ दिला तर ती म्हणाली, "एवढ्याशा फुलांना प्लास्टिक किती."

नंतर, पावसाळा सरताना, एक तरुण बाई मला शाळेत भेटायला आली. आतल्या भाताच्या पट्ट्यातलं गाव, अलिबागला औषधाच्या दुकानात नोकरी. मला वाटलं, मुलाच्या प्रवेशाचं असेल. ती खुर्चीच्या कडेला बसली आणि म्हणाली, "मॅडम, निकालातल्या त्या तुम्हीच ना?"

मी म्हटलं, "तुम्हालाही कोणी फोटो पाठवला वाटतं."

"कसला फोटो?" तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिची स्वतःची केस चालू होती. नवऱ्यानं तिच्यावर आरोप केले होते, थोडेफार माझ्यासारखेच. वकील काही धड सांगत नव्हता, पुढची तारीख एवढंच सांगायचा. म्हणून ती दुकानात गिऱ्हाईक नसताना मोबाईलवर शोधत बसायची, आरोप खोटे ठरले तर काय होतं. शोधता शोधता तिला माझा निकाल सापडला. मग आमच्या शाळेच्या फलकावर माझं नाव दिसलं.

"पण तो इंग्रजीत आहे."

"मोबाईल मराठी करून देतो. वेडंवाकडं करतो. उलटतपासणीला 'फुलीची परीक्षा' लिहिलंय. आधी कळेना कसली परीक्षा. मग कळलं."

"किती वाचलात?"

"सगळा," ती म्हणाली. जणू दुसरं काही करता येतं हे तिला माहीतच नव्हतं. "तीन-चारदा वाचला. नाशिकचं तुमच्या वकिलांनी कसं काढून घेतलं त्याच्याकडून, ते मी माझ्या वकिलाला दाखवलं. तो म्हणाला, बघू."

मग तिनं एक प्रश्न विचारला, जो मला तोपर्यंत कोणी विचारला नव्हता. "मॅडम, केस लागली कधी आणि निकाल आला कधी, ते आहे त्यात. मधल्या वर्षांत तुम्ही काय केलंत? राहिलात कशा? ते कुठंच लिहिलेलं नाहीये."

मी सांगितलं. सकाळी शाळा. दुपारी आईबरोबर वाडीत, सुपारी वेचायची, पाणी सोडायचं. संध्याकाळी शिकवण्या. तारखेच्या आदल्या दिवशी मी पिठलं-भात करायची, कारण त्यात नारळ घालायचा प्रश्नच येत नाही. पहिल्या वर्षी मी कोणाच्या लग्नाला गेले नाही. दुसऱ्या वर्षी गेले आणि लवकर परतले. तिसऱ्या वर्षी जेवून आले. ती डोकं हलवत ऐकत होती. नारळाशी आल्यावर तिला हसू आलं. तिनं ओढणी तोंडाला लावली आणि मीही हसले.

तिच्या पुढच्या तारखेला मी तिच्याबरोबर गेले. नंतरच्याही काही तारखांना गेले. तारीख कधी आहे ते न्यायालयाच्या संकेतस्थळावर दिसतं, मी मोबाईलवर बघून ठेवते आणि शाळेतून रजा टाकते. तिची साक्ष व्हायची होती त्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो. समोर नवऱ्याकडचे चार लोक उभे होते आणि आमच्याकडे बघून आपापसांत बोलत होते.

तिनं विचारलं, "माझाही निकाल असा नेटवर येईल?"

"येईल बहुतेक. नको असेल तर नाव काढून घेता येतं, वकीलबाईंना विचारू."

तिनं समोरच्या चौघांकडे पाहिलं. "मी काय बोलले ते पण येईल त्यात?"

"थोडंफार."

"मग नीट बोलते," ती म्हणाली. तिनं पर्स माझ्याकडे दिली, आणि पुकारा झाल्यावर आत गेली.